‘येथे’ आणि ‘येथे नाही’ : पवित्र भूमीच्या यात्रेचा ख्रिस्ती अर्थ

पवित्र भूमीची यात्रा आयुष्यात एकदा तरी घडावी, ही इच्छा ख्रिस्ती मनाला नवी नाही. विमानप्रवास सुलभ झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील धर्मग्रामांतूनही माणसे यरुशलेमला जाऊन येऊ लागली. कोणी निवृत्तीच्या पैशातून जातो, कोणाला मुले पाठवितात, तर कोणी कर्ज काढूनही जातो. परतल्यावर यार्देन नदीच्या पाण्याची बाटली, जैतुनाच्या लाकडाचा क्रूस आणि छायाचित्रे घरोघर फिरतात. हे सारे स्वाभाविक आहे व त्यामागील भक्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु याच धर्मग्रामांत उद्यमबागेतील फौंड्रीत भट्टीपुढे पाळी करणारा कामगार आहे, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणारी स्त्री आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना ही यात्रा कधीच परवडणार नाही. त्यांच्या मनात एक प्रश्न असतो आणि धर्मशिक्षकाला तो केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो : तेथे न गेलेल्याच्या श्रद्धेत काही उणे राहते काय?

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर दोन्हीकडून हानी होते. यात्रेने श्रद्धेला काही अधिक प्राप्त होते असे म्हणावे, तर देवाची कृपा प्रवासखर्चाने मोजली जाते आणि मंडळीत गेलेले व न गेलेले असे दोन वर्ग पडतात. उलट, स्थळाला काहीच अर्थ नाही असे म्हणावे, तर देवाचा शब्द एका विशिष्ट गावी, एका विशिष्ट काळी देहधारी झाला, या आपल्या मूळ साक्षीलाच धक्का बसतो. या दोन चुकांच्या मधून जाणारी वाट शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पवित्र भूमीतील दोन स्थळे आपल्याला दोन शब्द देतात. नासरेथ म्हणते ‘येथे’. रिकामी कबर म्हणते ‘येथे नाही’.

१. वाद जुनाच आहे

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने कबरेच्या स्थळी मंदिर उभारले व ३३५ साली त्याचे समर्पण झाले. तेव्हापासून दूरदूरचे यात्रेकरू यरुशलेमकडे येऊ लागले. ३८१ ते ३८४ या काळात एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून आली व तिने आपल्या यात्रेचा वृत्तांत लिहून ठेवला. तिची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या स्थळी पोहोचल्यावर प्रथम प्रार्थना, मग त्या स्थळासंबंधीचा शास्त्रपाठ, मग स्तोत्र आणि पुन्हा प्रार्थना. म्हणजे ती स्थळ पाहण्यासाठी गेली, पण तेथे पोहोचल्यावर तिने ऐकले ते वचन.

त्याच काळी संत जेरोम ३८६ पासून ४२० मधील आपल्या मृत्यूपर्यंत बेथलेहेमला राहिले. यहूदिया डोळ्यांनी पाहिलेल्याला शास्त्र अधिक स्पष्ट कळते, असे त्यांनीच लिहिले आहे. पण तेथे येण्यास उत्सुक असलेल्या एका मित्राला पत्र लिहिताना त्यांनी सांगितले की, स्वर्गाचे दार यरुशलेमहून जितके जवळ तितकेच ब्रिटनहूनही जवळ आहे. निस्साचे बिशप ग्रेगरी तर स्वतः यरुशलेमला जाऊन आले होते. तरीही स्थान बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही, हे त्यांनी आपल्या एका पत्रात निक्षून सांगितले. ही दोन्ही मते चर्चच्या पित्यांची आहेत, आणि जेरोम यांच्या बाबतीत तर ती एकाच लेखणीतून उतरलेली आहेत. म्हणून यांपैकी एक स्वीकारून दुसरे टाकणे आपल्याला शक्य नाही.

२. नासरेथ : ‘येथे’

नासरेथ येथील निरोपाच्या मंदिराचा अभिषेक १९६९ साली झाला. त्याच्या तळाशी जुनी गुहा आहे व गुहेतील वेदीवर एक लॅटिन वाक्य कोरलेले आहे. संत योहानाच्या पहिल्या अध्यायातील शब्दाच्या देहधारणेचे जे वाक्य आपण नाताळात वाचतो, तेच ते होय. भेद इतकाच की त्यात एक शब्द वाढविला आहे : ‘येथे’.

या एका शब्दात ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण साठविलेले आहे. आपण केवळ एका शिकवणुकीवर विश्वास ठेवीत नाही. शिकवण कोठेही जन्मली असती तरी चालले असते. आपण एका माणसावर विश्वास ठेवतो आणि माणसाला गाव असते, बोली असते, शेजारी असतात, व्यवसाय असतो. संत मार्क (६:३) प्रभूचा व्यवसाय सांगताना जो ग्रीक शब्द योजतात, तो टेक्टोन होय. आपण त्याचे भाषांतर ‘सुतार’ असे करतो. मूळ शब्दाचा अर्थ त्याहून व्यापक असून लाकूड वा दगड यांचे बांधकाम करणारा कारागीर असा आहे. नासरेथपासून सुमारे सहा किलोमीटरवर सेफोरिस नावाचे नगर होते व हेरोद अंतिपाने ते प्रभूच्या बालपणाच्या काळात नव्याने बांधविले. योसेफ व येशू तेथे कामाला जात असतील, हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. तथापि ज्या गावाच्या जवळ मोठे बांधकाम चालू होते, त्या गावचा तो कारागीर होता, एवढे निश्चित म्हणता येते. उद्यमबागेत रविवारी शुभवर्तमानावर बोलणाऱ्या धर्मशिक्षकाने हे अवश्य सांगावे. भोंगा वाजला की हजर होणाऱ्या माणसाला प्रभूची तीस वर्षे परकी नाहीत.

३. भूमी शास्त्र समजावून देते

यात्रेचा खरा लाभ येथेच आहे. जे आपण शब्दांनी वाचले होते, त्याला उंची, अंतर, हवा आणि दगड प्राप्त होतात. आणि गंमत अशी की, त्यातील पुष्कळसे आपल्या मुलखाच्या आधारे येथे बसूनही समजावून देता येते. काही उदाहरणे पाहू.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०:३०) तो मनुष्य यरुशलेमहून यरीहोस ‘खाली’ जात होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आपले बेळगावही जवळपास तितक्याच उंचीवर आहे. येथून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना जी उतरण लागते, तशीच ती. पण यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे अडीचशे मीटर आहे, म्हणून पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या अंतरात एकूण उतार हजार मीटरचा होतो. शिवाय आपल्या घाटात दाट रान आहे, तर तेथे उघडा, ओसाड, दऱ्याखोऱ्यांचा प्रदेश. जखमी माणसाला सावलीही नाही आणि आडोसा असलाच तर तो लुटारूंना. याजक व लेवी का थांबले नाहीत, याचे एक कारण त्या रस्त्याची भीतीही असू शकेल. त्यांचा दोष त्यामुळे पुसला जात नाही, मात्र शोमरोनी मनुष्याने कोणता धोका पत्करला ते कळते.

वाळूवर व खडकावर बांधलेल्या घरांचा दाखला (मत्तय ७:२४-२७) घ्या. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत पाऊस असतो. तेथे मात्र उन्हाळा पूर्ण कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. कोरड्या ओढ्याचे वाळूचे पात्र उन्हाळ्यात सपाट व सोयीचे दिसते. खणण्याचे श्रम नाहीत, काम लवकर उरकते. हिवाळ्यात डोंगरावर सर कोसळली की त्याच पात्रातून लोंढा येतो. मूर्ख मनुष्य आळशी होता इतकेच नव्हे, तर त्याने एकाच ऋतूकडे पाहून घर बांधले. संकट नसलेल्या दिवसांत रचलेल्या श्रद्धेविषयी याहून स्पष्ट शिकवण दुसरी नसेल.

कफर्णहूमची घरे काळ्या बसाल्ट पाषाणाची होती, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्याच जातीची. १९६८ पासून फ्रान्सिस्कन संशोधकांनी तेथे केलेल्या उत्खननात पाचव्या शतकातील अष्टकोनी मंदिराखाली एक साधे घर सापडले. प्राचीन ख्रिस्ती लोक ते पेत्राचे घर मानीत होते. खोल्या लहान, अंगण सामाईक. पक्षघाती माणसाला छपरातून खाली सोडण्याची घटना (मार्क २:४) अशा घराच्या संदर्भात सहज उमगते. १९८६ साली दुष्काळाने गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गाळात एक प्राचीन मचवा सापडला. तो प्रभूच्या काळाच्या आसपासचा असून त्याची लांबी सव्वाआठ मीटर आहे. वादळात अशा मचव्यात बसलेल्या शिष्यांची भीती आपल्या कोकणपट्टीच्या कोळ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. या शब्दाचे मराठीशी एक अनपेक्षित नाते आहे. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे आपले यहुदी बांधव, पिढ्यान् पिढ्या घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. जैतुनाची फळे प्रथम दगडाखाली भरडीत, मग तो लगदा करंड्यांत भरून तुळईच्या व वजनांच्या दाबाने पिळीत. पहिल्या दाबाचे तेल निराळे, पुढचे निराळे. प्रभूने तीन वेळा जाऊन तीच प्रार्थना केली (मत्तय २६:४४), हे या नावाच्या स्थळी वाचताना मन स्तब्ध होते. हा संबंध शुभवर्तमानकारांनी स्वतः जोडलेला नाही, हे धर्मशिक्षकाने प्रामाणिकपणे सांगावे. चिंतनाला मात्र तो उपयोगी आहे.

४. जेथे स्थळ निश्चित नाही

सर्वच स्थळे सारख्या खात्रीची नाहीत, आणि हे मंडळीपासून लपविण्याचे कारण नाही. गेथशेमानेच्या बागेतील जैतुनाची झाडे प्रभूच्या काळची असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीनुसार त्यांपैकी ज्या झाडांचे वय ठरविता आले, त्यांची खोडे सुमारे नऊशे वर्षांची आहेत. यरुशलेममधील दुःखमार्गाची आजची आखणी मध्ययुगात व त्यानंतर घडत गेली. पिलाताचा न्यायनिवाडा शहराच्या पश्चिमेस हेरोदाच्या राजवाड्यात झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर प्रभूची प्रत्यक्ष वाट निराळी होती.

अम्माऊसची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्या गावाचे स्थान म्हणून निदान तीन-चार ठिकाणे दाखविली जातात. संत लूकने दिलेल्या अंतराविषयी प्राचीन हस्तलिखितांतही एकवाक्यता नाही; बहुतेकांत साठ स्तादे, तर काहींत एकशे साठ. ज्या गावी पुनरुत्थित प्रभू भोजनास बसला, ते गाव आपल्या हातून निसटले आहे. पण तेथे त्याची ओळख ज्या कृतीने पटली, ती भाकर मोडण्याची कृती मात्र हरवली नाही. ती दर रविवारी आपल्या वेदीवर होते. स्थळाच्या अनिश्चिततेने ज्याची श्रद्धा डळमळते, त्याला अम्माऊसचा हा धडा द्यावा.

५. कबर : ‘येथे नाही’

पवित्र कबरेच्या मंदिरात कालवारी व कबर एकाच छपराखाली आहेत. मंदिराचा ताबा सहा ख्रिस्ती समाजांत वाटलेला असून ऑटोमन सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानाने कायम केलेली व्यवस्था अद्याप पाळली जाते. दाराच्या किल्ल्या आणि दार उघडण्याचा मान शतकानुशतके मुसलमान घराण्यांकडे आहेत. बांधवांतील कलह तेथे यात्रेकरूला उघड दिसतो व कित्येकांचे मन खट्टू होते. परंतु तीच कबर २०१६-१७ मध्ये दुरुस्त करण्यासाठी हेच समाज एकत्र आले, हेही सांगितले पाहिजे.

इतक्या दुरून आलेला यात्रेकरू वाकून आत शिरतो, तेव्हा त्याला काय सापडते? एक रिकामी जागा. देवदूताने स्त्रियांना सांगितले ते हेच की, तुम्ही ज्याला शोधता तो येथे नाही (मार्क १६:६). जगातील बहुतेक समाध्यांपाशी भक्त जातो, तो तेथे कोणीतरी आहे म्हणून. ख्रिस्ती यात्रेचा शेवट मात्र जेथे प्रभू नाही अशा ठिकाणी होतो. नासरेथचे ‘येथे’ विसरले तर ख्रिस्त ही एक कल्पना बनते. कबरेचे ‘येथे नाही’ विसरले तर ख्रिस्त एका स्थळाचा कैदी बनतो. शोमरोनी स्त्रीला प्रभूने विहिरीपाशी जे सांगितले, की या डोंगरावर वा यरुशलेमात नव्हे तर आत्म्याने व खरेपणाने पित्याची उपासना होईल (योहान ४:२१-२३), त्याचे प्रमाण ही रिकामी कबर होय.

देवदूताचा निरोप मात्र तेथे संपत नाही. तो तुमच्यापुढे गालीलात जात आहे, असे तो म्हणतो (मार्क १६:७). गालील म्हणजे शिष्यांचे घर आणि त्यांचे कामाचे ठिकाण. जाळी, मचवे, जकातीचा नाका, सासुरवाडी, सारे तेथेच. पुढे प्रभू त्यांना भेटला, तो रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतत असताना, किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून (योहान २१:९). म्हणजे यात्रेची दिशा कबरेकडून घराकडे आहे.

६. न जाणाऱ्यांसाठी चर्चने काय केले

जे जाऊ शकत नाहीत त्यांचा विचार चर्चने फार पूर्वीच केला. पवित्र स्थळांची राखण १३४२ साली पोप सहावे क्लेमेंट यांनी फ्रान्सिस्कन संघाकडे सोपविली. दुःखमार्गाची भक्ती युरोपच्या गावागावांत पसरविण्यात याच संघाचा मोठा वाटा होता. १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी ही भक्ती सर्व मंदिरांत स्थापण्यास मोकळीक दिली व स्थानांची संख्या चौदा निश्चित झाली. आपल्या मंदिराच्या भिंतीवरील चौदा चित्रे ही शोभेची वस्तू नव्हे. ती गरिबाची यरुशलेम-यात्रा आहे. तपःकाळातील शुक्रवारी पाळी संपवून आलेला कामगार ही चौदा स्थाने चालतो, तेव्हा तो यात्रेकरूच असतो, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

आपल्या भाषेतही हेच कार्य झाले आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. ज्या नवख्रिस्ती लोकांना बेथलेहेम कधीच दिसणार नव्हते, त्यांच्या कानांपर्यंत त्यांनी ते त्यांच्याच बोलीत पोहोचविले. पवित्र भूमी मराठीत आणणारा हा पहिला मोठा प्रयत्न होय.

७. दगड पाहावेत, माणसेही पाहावीत

संत पेत्र श्रद्धावंतांना जिवंत धोंडे म्हणतो (१ पेत्र २:५). पवित्र भूमीत पहिल्या शतकापासून ख्रिस्ती मंडळी आहे आणि ती आज संख्येने अत्यंत अल्प उरली आहे. बेथलेहेमच्या परिसरातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे पोट जैतुनाच्या लाकडावरील कोरीव कामावर व यात्रेकरूंवर चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले, यात्रा थांबल्या आणि त्या वर्षी बेथलेहेममधील नाताळचे जाहीर समारंभ रद्द झाले. जो यात्रेकरू सात दिवसांत वीस स्थळे पाहतो, पण तेथील एकाही ख्रिस्ती बांधवाशी बोलत नाही, त्याची यात्रा अर्धीच राहते. १९७४ साली पोप सहावे पौल यांनी उत्तम शुक्रवारचे दान पवित्र भूमीसाठी देण्याविषयी सर्व धर्मप्रांतांना लिहिले. ते दान कशासाठी घेतले जाते, हे थाळी फिरविण्यापूर्वी सांगितले तर उद्यमबागेतील दहा रुपयेही त्या मंडळीशी नाते जोडतात.

त्या भूमीवर यहुदी व अरब या दोन्ही समाजांचे अश्रू सांडले आहेत, याचा विसर यात्रेकरूला पडता कामा नये. १९४८ नंतर तेथे स्थायिक झालेल्या बेने इस्राएल बांधवांच्या घरी आपली मराठी ऐकू येते. पलीकडे अरबी भाषेत ‘हे आमच्या पित्या’ म्हणणारे आपले ख्रिस्ती बांधव आहेत. मराठीत या प्रश्नाची मांडणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात केली. २०२४ साली निवर्तलेल्या या धर्मगुरूने ‘यात्रा’ व ‘संघर्ष’ हे शब्द एकत्र आणले, यातच आपल्याला इशारा आहे.

८. पाळकीय सूचना

जाणाऱ्यांना धर्मगुरूने तीन गोष्टी सांगाव्यात. कर्ज काढून जाऊ नये, कारण प्रभूने ही यात्रा कोणावरही लादलेली नाही. जाण्यापूर्वी निदान एक शुभवर्तमान आरंभापासून शेवटपर्यंत वाचावे आणि प्रत्येक स्थळी, एगेरियाप्रमाणे, आधी वचन ऐकावे, मग छायाचित्र घ्यावे. परतल्यावर वस्तू वाटण्याऐवजी एखादा शास्त्रपाठ धर्मग्रामात समजावून द्यावा. यरीहोची उतरण पाहिलेल्या माणसाने ती धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना दाखवावी, म्हणजे एकाचा प्रवास साऱ्यांच्या कामी येईल.

न जाणाऱ्यांना काय सांगावे? १९६४ च्या जानेवारीत पोप सहावे पौल पवित्र भूमीला गेले. विमानाने तेथे जाणारे ते पहिले पोप. त्याच वर्षी डिसेंबरात ते युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईस आले. कबरेपाशी गुडघे टेकलेले पेत्राचे वारस वर्ष संपण्यापूर्वी आपल्या प्रांतात आले, ते येथील वेदीवरील त्याच प्रभूची उपासना करण्यासाठी. न गेलेल्याच्या श्रद्धेत काही उणे राहते काय, या प्रश्नाचे उत्तर या क्रमातच आहे. उणे काहीही राहत नाही. जो कबरेत सापडला नाही, तो गालीलात पुढे गेला आहे; आणि आपल्या लोकांचे गालील म्हणजे त्यांची वखार, त्यांची फौंड्री, त्यांचे घर आणि त्यांच्या मंदिरातील वेदी. तेथे ‘येथे’ हा शब्द उच्चारण्याचे काम धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यावर सोपविलेले आहे.